तांडेलाचं ऐकायचं असतं

गुहा बघायला जायची टूम दादाने काढली. आम्हा रत्नागिरीकरांना ते कधी सुचलं नसतं. दीपगृहाच्या कड्याखाली, भर समुद्राच्या अंगाला ती गुहा आहे. जमिनीवरून तिथे वाट नाही, त्यामुळे आम्ही तिच्याबद्दल फक्त ऐकून होतो. हल्ली मात्र पर्यटकांना होडीतून नेतात. केशरी जॅकेटं घालून, मोबाइल प्लास्टिकच्या पाकिटात घालून लोक आत जातात, एकदा ओरडतात, आवाज घुमला की हसतात आणि परत येऊन वडापाव खातात. दादाने कुठल्याशा व्हिडिओत ती पाहिली आणि ठाण्याहून फोन केला. "अगं, आपल्याकडे एवढं आहे आणि आपण कधी बघितलंच नाही." वर्षातून दोनदा येणाऱ्या चाकरमान्याच्या तोंडून 'आपल्याकडे' ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी रागीट आहे हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. आई म्हणते, "हिच्या तोंडात कारलं ठेवूनच जन्माला घातली हिला." असेल. पण माझं सासर गावातच, हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आईआबांचं दुखलंखुपलं मी बघते. ज्याचं जळतं त्याला कळतं. दादाला सगळं फोनवर छान ऐकू येतं.

त्या वर्षी काय जळत होतं ते आधी सांगते. आबा, म्हणजे आमचे वडील, विसरायला लागले होते. चष्मा कुठे ठेवला, गोळी घेतली का, असलं विसरणं नव्हे. ते दिवस विसरत होते. आबा उभी हयात तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, कधी परत फिरायचं, हे सगळं त्याच्या एका शब्दावर. ट्रॉलरवरून उतरल्यावरही त्यांनी स्वतःची एक छोटी होडी ठेवली होती. पहाटे एकट्याने जायचे आणि चार मांदेली, एखादा बांगडा घेऊन यायचे. सगळ्या वाडीला त्याचं कौतुक. 'बघा, ह्या वयात.'

आणि हेच आबा एका सकाळी मिरकरवाड्याच्या जेट्टीला होडी लावून, लिलावाच्या गर्दीत एका रिकाम्या क्रेटवर बसून राहिले. त्यांच्या जुन्या ट्रॉलरची वाट बघत. तो ट्रॉलर भंगारात जाऊन किती वर्षं झाली. ओळखीच्या एका बाईने मला फोन केला म्हणून मी जाऊन त्यांना आणलं. रस्त्यात ते खलाशांच्या नावाने कुरकुरत होते, येत कसे नाहीत म्हणून. त्यातले दोघे आता या जगात नाहीत.

मी तेव्हापासून एकच धोशा लावला होता. होडी पाण्यातून काढा. जाळं आहे, माडाची सावली आहे, अंगणात बसून जाळं विणू दे, पण एकट्याने दर्यात जायला नको. आई म्हणायची, "वय झालं की विसरतात माणसं. तू चारचौघांत बोलू नकोस." दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "होडी काढून घेतलीस तर आबांचा जीव जाईल." मी म्हटलं, "ठेवली तरी जाईल, आणि तो आणायला तू ठाण्याहून येणार नाहीस." त्यावर तो आठवडाभर बोलला नाही. मग आईचा मला फोन, "तुझं तोंड वाईट आहे गं." म्हणजे विसरणारे आबा, लपवणारी आई, न बघणारा दादा, आणि वाईट कोण, तर मी.

म्हणून गुहेच्या सहलीला मी हो म्हटलं. मला गुहेचं काही पडलं नव्हतं. मला वाटलं, अर्धा दिवस आबांबरोबर पाण्यावर राहिला तर दादाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. माझ्या तोंडून नको असेल तर समुद्राच्या तोंडून ऐक.

कार्तिक महिना होता, दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. आई घरात त्रिपुरवाती करत बसली होती, तिने यायचं नाकारलं. आदल्या संध्याकाळी माडाच्या शेंड्यावर एवढा मोठा चंद्र आला होता. दादाने त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला होता. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण कोळंबी सोलणाऱ्या पोरीलाही कळतं की पुनव जवळ आली म्हणजे उधाण, पाणी जोरात चढणार आणि जोरात उतरणार. अष्टमीच्या आसपास असते ती भांग, तेव्हा पाणी मंद, फारसं हलत नाही. आणि तिथीवरून भरतीची वेळ काढायची हे आमच्याकडे शाळेच्या आधी शिकवतात.

होडीवाला ओळखीचा. मिसरूड फुटायच्या आधी तो आबांच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला होता. आता त्याची फायबरची होडी आहे, वर उन्हासाठी पाइपांवर ताणलेलं कापडी छत आहे, आणि हंगामात तो पर्यटकांना फिरवतो. आबांना बघून तो पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि हात धरून त्यांना होडीत घेतलं. "तांडेल, आज तुमी हायसा तर मला काय काळजी नाय." वहिनीने त्याचा व्हिडिओ काढला. दादाचा ऊर भरून आला. माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या, म्हणजे बघ.

जॅकेट घालायला आबांनी नकार दिला. दादा हसून म्हणाला, "राहू दे गं, आबांना कसलं जॅकेट." मी ते त्यांच्या गळ्यात घातलं आणि बंद लावले. आबा पोरासारखे मान वर करून उभे राहिले. ते मला बघवलं नाही, पण मी बंद नीट लावले.

बंदरातून बाहेर पडलो तेव्हा समुद्र शांत होता. आबा नाळेजवळ, होडीच्या पुढच्या टोकाला, बसले होते आणि खरं सांगायचं तर एवढं खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. दादाला खडक दाखवत होते, कुठल्या खडकाला काय नाव, कुठे जाळं फाटतं, सगळं बरोब्बर. दादा वहिनीला म्हणाला, "बघ, काय स्मरणशक्ती आहे." मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. दुरून डोंगर साजरे, आणि हा तर डोंगराचा व्हिडिओ काढून घेऊन जाणारा.

गुहेच्या समोर आलो. काळ्या कड्याच्या पायथ्याला तिचं तोंड होतं, रुंद पण बसकं. आत मात्र मोठी पोकळी असावी, कारण पाणी आत जाऊन खोलवर आदळल्याचा आवाज येत होता. तोंडाच्या कडेला कालवं चिकटलेल्या खडकाचा पट्टा होता. त्याचा खालचा भाग पाण्यात गेला होता, आणि वरचा अजून कोरडा ठणठणीत. पाणी उतरत असतं तर वरचा भाग ओला असता. म्हणजे पाणी चढत होतं. मी बघितलं. होडीवाल्यानेही बघितलं, त्याने इंजिन बारीक केलं ते उगीच नव्हे.

त्याने वळून आबांना विचारलं, "तांडेल, घालू काय आत?"

आबांनी गुहेकडे बघितलंही नाही धड. "घाल. भांग हाय. पाणी उतरतंय."

त्यांच्या डोक्यात अष्टमीच चालू होती. अष्टमीला ते घरी धडधाकट होते, आईशी भांडलेही होते, आणि त्यानंतरचा आठवडा जणू आलाच नव्हता. अष्टमी असती तर त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या वेळी पाणी उतरतच असतं आणि मंद असतं.

"काका, नको," मी म्हटलं. "पाणी चढतंय."

होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. त्याच्या चेहऱ्यावर मला सगळं दिसत होतं. त्याला कळत होतं. पण होडीवर तांडेलाला एकदाच विचारायचं असतं. त्याने सांगितलं की सांगितलं. वादळात दहा जण दहा दिशांना ओरडायला लागले तर सगळेच बुडतात, म्हणून हा नियम. वर्षानुवर्षं या नियमानेच ही माणसं घरी परत आली. नियम चांगला आहे. पण तो चालवणारं डोकं ठिकाणावर असेल तर.

"आबा सांगतायत ना," दादा म्हणाला. "तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."

आणि होडीवाल्याने होडी आत घातली.

दोन लाटांच्या मधून तो सफाईने आत गेला. छताचे पाइप वरच्या दगडाला लागले नाहीत, पण हात वर केला असता तर दगड हाताला लागला असता. आत खरंच मोठी जागा होती. हिरवट पाणी, ओल, वटवाघळांचा वास. तोंडातून येणारा उजेड पाण्यावरून गुहेच्या छताला लागून हलत होता. वहिनी म्हणाली, "किती सुंदर." सुंदर होतं, मी नाकारत नाही. दादाने आरोळी ठोकली, ती घुमली, तो हसला. सगळे पर्यटक करतात ते सगळं त्याने केलं.

मी तोंडाकडे बघत होते. लाट आली की तोंड अर्धं बुजायचं आणि आत काळोख व्हायचा. लाट ओसरली की पुन्हा उजेड. दर वेळी तो उजेड थोडा कमी येत होता. होडीवाला इंजिनाला हात लावून तयारीत बसला होता. "तांडेल, काढू आता बाहेर?"

"थांब," आबा म्हणाले. आवाज एकदम जुना, ट्रॉलरवरचा. "घाई करू नको. पाणी उतरतंय. जेवढा दम धरशील तेवढं तोंड मोठं होईल."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. कारण ते शहाणपणाचं वाक्य होतं. ओहोटीत अडकलेल्या होडीला हेच सांगतात. धीर धरा, दर्या आपणहून वाट देईल. फक्त त्या दिवशी दर्या वाट देत नव्हता, बंद करत होता. आणि होडीवाल्याने, चांगल्या धडधाकट, डोळस माणसाने, इंजिनावरचा हात काढून घेतला आणि थांबला.

मी उभी राहिले. होडी हलली, वहिनी किंचाळली. "आबा, आज अष्टमी नाही. उद्या त्रिपुरी आहे. आई वाती करतेय घरी. पाणी चढतंय, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, लहान मुलीला समजवावं तसं. "बाय, होडीवर एकच मानूस बोलतो."

"तू बस ना खाली," दादा म्हणाला. "नको तिथे तुझं शहाणपण."

पुढची लाट मोठी होती. काळोख झाला, होडी वर उचलली गेली आणि छताचा पाइप दगडाला लागून कर्रकन वाकला. कापड फाटलं. वहिनीचं कोपर खरवडलं. लाट गेली, होडी खाली बसली, उजेड आला, आणि त्या उजेडात दादाचा चेहरा पांढराफटक दिसला. आबा मात्र शांत. "असंच असतं," ते म्हणाले. "दम धरा."

तेव्हा कुठे होडीवाला उठला. त्याने आबांना दंडाला धरून खाली बसवलं. "तांडेल, वाईच खाली बसा." मग आम्हाला म्हणाला, "सगळी आडवी पडा." आम्ही होडीच्या तळात आडवे पडलो, मी आबांच्या डोक्यावर हात ठेवला. लाट ओसरताना जे पाणी बाहेर ओढ घेतं त्या ओढीबरोबर त्याने इंजिन सोडलं. वर दगड घासत गेला, उरलेलं छत मोडून मागे पडलं, आणि आम्ही उन्हात आलो.

वहिनी रडत होती. मग दादाला कंठ फुटला. पण कोणावर? होडीवाल्यावर. "तुम्हाला भरती-ओहोटी कळत नाही? माणसांचे जीव म्हणजे खेळ वाटला? तक्रार करीन मी तुमची."

होडीवाला खाली मान घालून म्हणाला, "चुकी माझी हाय, साहेब."

माझा संताप असा उसळला की मला समुद्र दिसेना. "खोटं बोलू नका, काका. चूक तुमची आहे, पण भरती न कळण्याची नाही. तुम्हाला दिसत होतं."

"गप, बाय," तो हळूच म्हणाला. डोळ्यांनी आबांकडे खूण केली. म्हणजे त्यांच्यासमोर नको. म्हणजे पुन्हा तेच. आईने झाकायचं, ह्याने झाकायचं, जीव जायची वेळ आली तरी तांडेलाचा मान राखायचा. आणि दादाला तर मनापासून हवं होतं की चूक होडीवाल्याची असावी. ते त्याला सोयीचं होतं. तसं झालं असतं तर त्याने परवा गाडी काढली असती, आणि आबांनी पहाटे होडी.

जेट्टीला लागलो. आबा कोणाचा हात न धरता उतरले. पायऱ्या नीट चढले. मग थांबून मागे वळले आणि वाकलेल्या पाइपकडे बघत राहिले. परत एक पायरी उतरून त्यांनी पाइपाला हात लावला.

"ह्यो कशानं वाकला?"

"गुहेत लागला, तांडेल," होडीवाला म्हणाला.

"गुहेत?" आबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पाण्याकडे बघितलं, जेट्टीच्या खांबावर पाणी कुठवर आलंय ते बघितलं. "उद्या त्रिपुरी. उधाणाचं पानी, वर भरती लागलेली. आणि आज तू गुहेत होडी घातलीस?"

तिथी बरोबर होती, पाणी बरोबर होतं. फक्त मघाचा तास त्यांच्याकडे नव्हता.

होडीवाला दोर गुंडाळायला लागला.

"तू आपल्या मनानं घालायचा नायस," आबा म्हणाले. "मी तुला वळखतंय. तांडेल कोन हुता?"

"हुता एक म्हातारा," होडीवाला पाण्याकडे बघत म्हणाला.

"मग त्याला घरात बसवा. तिथी कळत नाय त्याच्या हातात होडी देत नायत. लोकांना मारील तो एक दिवस." मग आमच्याकडे वळून, खरंच आश्चर्याने, त्यांनी विचारलं, "त्याच्या घरात सांगनारं कोन नाय काय?"

दादाने माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला दिसलं होतं. मी ज्यासाठी भांडत होते, रडत होते, वाईट ठरत होते, ते त्याच्या डोळ्यांत उतरलेलं मला दिसलं. मला वाटलं होतं, त्या वेळी मला बरं वाटेल. दादा माझ्याजवळ सरकला आणि कानाशी पुटपुटला, "तूच सांग गं त्यांना. मला नाही जमणार."

इतके महिने मी सांगत होते तेव्हा माझं तोंड वाईट होतं. आता सांगायची वेळ आली तेव्हा तेच तोंड सगळ्यांना हवं होतं. त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण आबा उत्तराची वाट बघत होते आणि त्यांना कोणीतरी उत्तर द्यायलाच हवं होतं.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांच्या जॅकेटचे बंद सोडत सोडत म्हणाले, "आबा, तो म्हातारा तुम्ही. मघाशी तुम्ही म्हणालात, भांग आहे, घाल आत. काकांनी ऐकलं. तुम्ही विसरता, आबा. वर्ष होत आलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा खालचा ओठ हलला. त्यांना कळलं, याबद्दल मला आजही शंका नाही. त्यांनी एकदा स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि मग होडीवाल्याला म्हणाले, "माझी होडी वर घे. आजच."

झालं होतं. याच्यासाठीच सगळं होतं. तांडेलाने सांगितलं की सांगितलं, आता आई काही म्हणू शकली नसती, वाडी काही म्हणू शकली नसती. होडीवाल्याने फक्त जायचं होतं आणि होडी ओढून माडाखाली आणायची होती. उभ्या जन्मात त्याने तांडेलाला कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. गुहेत, जिथे पुन्हा विचारायला हवं होतं, तिथे विचारलं नाही. आणि आता त्याने डोळे पुसले, आबांचे दोन्ही हात धरले, आणि विचारलं, "तांडेल, खरंच घेऊ?"

आबांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या होडीकडे, मग वाकलेल्या पाइपकडे.

"काय घेतोस?" त्यांनी विचारलं. "आनि ह्यो पाइप कशानं वाकला?"

दादा गाडीकडे चालू लागला. वहिनी त्याच्या मागून गेली. होडीवाला तोंड फिरवून उभा राहिला. मला त्या तिघांचाही राग आला होता. मी आबांना जेट्टीच्या कट्ट्यावर बसवलं, शेजारी बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.